चार्जिंगचा दिवा मंद जळत राहतो: जुन्या कॅम्पर व्हॅनमध्ये दोष कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा: जुनी डिझेल कॅम्पर व्हॅन आहे. इंजिनासाठी एक बॅटरी, मागच्या राहण्याच्या भागासाठी दुसरी. गाडी चालू असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पूर्ण विझत नाही, मंद जळत राहतो. हेडलाइट लावले की आणखी थोडा वाढतो. दिवसभर गाडी चालवूनही मागची बॅटरी रात्री लवकर उतरते. अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारा भाग) बदलून झाला, पुढची बॅटरी नवी घेतली, तरी फरक शून्य. आता सगळं वायरिंग उपसायचं का?

नाही, वायरिंग उपसू नका. तुम्ही सांगितलेली एक गोष्ट फार मोलाची आहे: हेडलाइट लावले की दिवा वाढतो. तेवढ्यावरून शोध गाडीच्या एका छोट्या भागापुरता उरतो. आणखी एकही सुटा भाग विकत घेण्याआधी एक साधा डिजिटल मल्टीमीटर आणि तासाभराचा निवांत वेळ काढा.

आधी हा दिवा काय सांगतो ते बघू. बहुतेकांना वाटतं की अल्टरनेटर बिघडला की लागणारा तो इशारा आहे. जुन्या गाड्यांमध्ये त्याची जोडणी त्याहून साधी असते. दिव्याच्या एका टोकाला इग्निशन स्विचमधून आलेलं बॅटरीचं व्होल्टेज असतं, दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचं डी+ टर्मिनल, म्हणजे अल्टरनेटर वीज बनवायला लागला की ज्यावर व्होल्टेज येतं ते छोटं टोक. हा एक तराजू आहे असं समजा. किल्ली फिरवली पण इंजिन बंद आहे, तेव्हा एका पारड्यात १२ व्होल्ट आणि दुसऱ्यात जवळपास काहीच नाही, म्हणून दिवा लख्ख लागतो. इंजिन सुरू झालं, डी+ १४ व्होल्टांवर गेलं आणि बॅटरीही तिथवर आली की दोन्ही पारडी बरोबरीत येतात आणि दिवा विझतो. मंद जळतो याचा अर्थ दोन टोकांमध्ये एक-दोन व्होल्टांचा फरक अजून शिल्लक आहे. तो फरक कुठल्या बाजूने आहे, हे मात्र बल्ब सांगू शकत नाही. डी+ कमी पडलं तरी तो जळतो, आणि डी+ ठीक असून बॅटरीची बाजू खाली राहिली तरी तितकाच जळतो.

डी+ कमी असेल तर दोष अल्टरनेटरच्या आत असतो, बहुतेकदा डायोडमध्ये (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग). तुम्ही अल्टरनेटर बदललाय आणि लक्षण तसूभर बदललेलं नाही. नवा नगही खराब निघू शकतो, पण अगदी त्याच दोषासकट तोच मंद दिवा पुन्हा यावा, याची शक्यता कमी. त्यामुळे मी दुसऱ्या बाजूने सुरुवात करीन. अल्टरनेटर १४ व्होल्ट बनवतोय, पण ते बॅटरीपर्यंत पोहोचत नाहीत. लोड (म्हणजे दिवे-पंख्यांसारखा विजेचा वापर) वाढला की वायरमधून जास्त करंट जातो, वाटेतल्या खराब जोडावर व्होल्टेज जास्त पडतं, फरक वाढतो आणि दिवा उजळतो. तुमचं हेडलाइटचं निरीक्षण याच्याशी तंतोतंत जुळतं.

मग अल्टरनेटर जास्त व्होल्टेज देऊन ही तूट भरून का काढत नाही? कारण या पिढीतल्या बहुतेक अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक आकड्यावर ठेवणारा भाग) पाठीवरच बसवलेला असतो आणि तो स्वतःच्याच टर्मिनलवरचं व्होल्टेज बघतो. तिथे १४.२ दिसले की त्याच्या दृष्टीने काम झालं. पाच फूट पुढे बॅटरीला १३ च मिळताहेत, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून अल्टरनेटर कितीही वेळा बदला, नवा नगही तेच करणार. काही गाड्यांमध्ये मात्र व्होल्टेज बघायची वेगळी बारीक वायर थेट बॅटरीवरून आणलेली असते. तिथे उलटा प्रकार होतो. त्या बारीक वायरीचा जोड खराब झाला की रेग्युलेटरला व्होल्टेज खोटंच कमी दिसतं, तो अल्टरनेटरला जोर लावायला लावतो, आणि बॅटरी १५ व्होल्टांच्या वर जाऊन उकळायला लागते. तुमच्याकडे कुठली जोडणी आहे हे अल्टरनेटरच्या मागे किती वायरी येतात त्यावरून कळेल. एक जाड आणि एक बारीक असेल तर पहिला प्रकार.

मोजमापाला लागण्याआधी थोडी काळजी घ्या. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर मधे सापडलेली अंगठी लाल होते. गाडी मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून. बाह्या आणि मीटरच्या वायरी बेल्टपासून लांब. अल्टरनेटरच्या जाड वायरीचा नट सोडायचा असेल तर त्याआधी दोन्ही बॅटऱ्यांचं निगेटिव्ह काढा. दोन्ही म्हणजे दोन्हीच, कारण कॅम्परमध्ये एक काढली तरी दुसऱ्या बॅटरीतून ती वायर जिवंत राहू शकते. आणि एक जुनी सवय कृपया सोडून द्या: चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून "चार्जिंग होतंय का" बघायचं. बॅटरी एकदम सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळतं. त्यात रेग्युलेटर, डायोड आणि गाडीत जे काही इलेक्ट्रॉनिक असेल ते जळतं. त्यातून हाताला काही माहितीही लागत नाही, कारण आपल्याला व्होल्टेज कुठे कमी होतंय ते शोधायचंय.

छतावर सोलर पॅनेल असेल तर ते आधी वेगळं करा किंवा जाड कापडाने पूर्ण झाका. उन्हात मागची बॅटरी १३.५ दाखवते, माणूस खूश होतो आणि तपास भरकटतो. चार्जिंगचा दोष सोलरमुळे महिनोन्महिने लपून राहिलेल्या व्हॅन मी पाहिल्या आहेत. पावसाळा आला किंवा गाडी झाडाखाली लागली की मग एकदम सगळं बंद पडतं.

पहिलं मोजमाप इंजिन बंद असताना, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. चांगली भरलेली शिशाची बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी बंद केल्या केल्या मोजू नका. चार्ज होऊन आलेल्या बॅटरीवर काही वेळ वरवरचं व्होल्टेज राहतं आणि आकडा फसवतो. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्या वेळी मीटर बघा. साधारण १० व्होल्टांच्या आसपास टिकलं तर ठीक, ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी कमकुवत आहे, किंवा सेल्फ फार करंट खातोय. तुमची पुढची बॅटरी नवी आहे, पण आठवडे अर्धवट चार्जवर राहिली असेल तर तीही आता थकायला लागली असेल. बाहेरच्या चार्जरने दोन्ही बॅटऱ्या आधी पूर्ण भरून घ्या, नाहीतर पुढची मापं नीट येणार नाहीत.

बेल्टवर फार वेळ घालवायला नको, पण बघून घ्या. दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबला तर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. कडा चकचकीत झाल्या असतील, किंवा पुलीच्या खाचेचा तळ घासून चमकत असेल, तर बेल्ट घसरतोय. व्ही आकाराचा बेल्ट कडांवर पकड घेतो, तळावर नाही.

आता मुख्य काम. इंजिन सुरू करा, १५०० ते २००० आरपीएमवर कुणालातरी धरून ठेवायला सांगा. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, जे असेल ते लावा. लोड लावल्याशिवाय हे मोजमाप करून उपयोग नाही. मीटर डीसी व्होल्टवर. लाल टोक अल्टरनेटरच्या बी+ बोल्टवर (जिथून जाड वायर निघते), काळं टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर. दोन्ही पॉझिटिव्हच आहेत, बरोबर वाचलंत. आपण त्या एका जाड वायरीवर वाटेत किती व्होल्ट हरवतात ते थेट मोजतोय. ०.२ ते ०.३ पर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट म्हणजे गडबड. एक व्होल्ट किंवा जास्त आलं तर तुमचा दोष याच वायरीवर आहे, शंकेला जागा नाही.

मग लाल टोक बी+ बोल्टवर तसंच ठेवा आणि काळं टोक बॅटरीपासून एकेक पायरी मागे आणत जा. आधी खुंटी, मग खुंटीवरची पकड, मग त्या पकडीत गेलेल्या वायरीचा तांब्याचा भाग, मग वायर पुढे जिथे जिथे बोल्टला लागते तो प्रत्येक जोड. पुष्कळ जुन्या व्हॅनमध्ये अल्टरनेटरची वायर थेट बॅटरीला जात नाही. ती स्टार्टर मोटरच्या जाड बोल्टवर येते आणि तिथून बॅटरीची मोठी केबल पुढे जाते. तो बोल्ट गाडीखाली, चिखल-पाण्याच्या वाटेवर असतो. खुंटीवर मीटर १.२ दाखवत होता आणि एका जोडाच्या अलीकडे आल्यावर एकदम ०.१ झाला, तर हरवलेले व्होल्ट त्याच जोडात आहेत.

असा जोड जवळून कसा दिसतो ते सांगतो, कारण वरून तो बहुतेक वेळा ठणठणीत दिसतो. रबरी टोपी मागे सरकवली की लगला (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीला) लागून अंगठ्याएवढ्या लांबीचं इन्सुलेशन तपकिरी आणि कडक झालेलं दिसतं. बाकीची वायर बोटांत सहज वाकते, तेवढा तुकडा वाळल्या काडीसारखा ताठ. इन्सुलेशन चिरलं की आत लखलखीत तांब्याऐवजी काळपट-हिरवी पूड आणि काही मोजक्या शाबूत तारा. चाळीस अँपियर जाताना तिथे १.२ व्होल्ट पडत असतील तर त्या नखाएवढ्या जागी ४८ वॅटची उष्णता तयार होते. त्यानेच इन्सुलेशन भाजतं, जोड आणखी खराब होतो, उष्णता आणखी वाढते. म्हणून हा दोष महिन्यागणिक वाढत जातो आणि एखाद्या दिवशी धूर काढतो. इंजिन बंद करून लगेच, सावधपणे, जोडांजवळ हात नेऊन बघा. बाकीचे कोमट आणि एकच चटका देणारा, असं असेल तर मीटर लावायच्या आधीच उत्तर मिळालं.

इथे एक गैरसमज वारंवार आडवा येतो. "वायर ओहमवर तपासली, शून्य दाखवते, म्हणजे चांगली आहे." हा निष्कर्ष चुकीचा आहे. वरच्या उदाहरणातल्या जोडाचा विरोध फक्त ०.०३ ओहम आहे. साधा मल्टीमीटर इतकं बारीक दाखवूच शकत नाही, त्याच्या स्वतःच्या टोकांचाच विरोध याहून जास्त असतो. शिवाय ओहम मोजताना मीटर अगदी किंचित करंट सोडतो, आणि तेवढा करंट उरलेल्या दोन तारांतूनही आरामात जातो. जाड वायरी तपासायच्या त्या लोडखाली, व्होल्ट मोजूनच. टेस्ट लॅम्पही इथे कामाचा नाही, तोही लागतोच.

समजा बी+ ते बॅटरी आकडा चांगला आला, खुंट्यांवर १४.२ व्होल्ट आहेत, तरी दिवा मंद जळतोय. मग दिव्याच्या दुसऱ्या वाटेकडे बघा. बॅटरीपासून इग्निशन स्विच आणि फ्यूजबॉक्समधून दिव्याकडे येणारी वाट. इग्निशन चालू असताना फ्यूजबॉक्सवर त्या वाटेवरचं व्होल्टेज आणि बॅटरीचं व्होल्टेज यांतला फरक मोजा. जुन्या चिनीमातीच्या किंवा उघड्या पट्टीच्या फ्यूजांमध्ये टोकं काळी पडतात, इग्निशन स्विचचे आतले संपर्क झिजतात, आणि तिथे एक-दीड व्होल्ट सहज जातो. अशा वेळी चार्जिंग व्यवस्थित असतं, फक्त दिव्याला बॅटरी खाली वाटते. फ्यूज जागेवरच दोन-चार वेळा फिरवून बघा. दिव्याचा उजेड बदलला तर दोष सापडला.

अर्थिंगची बाजूही, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जातो ती वाटही मोजायची, पण तिच्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. दिव्याची दोन्ही टोकं पॉझिटिव्ह बाजूची आहेत, त्यामुळे नुसती अर्थ खराब असेल तर हा दिवा सहसा जळत नाही. दिवा शांत असतो आणि बॅटरी मात्र भरत नाही. म्हणून तुमच्या लक्षणावरून मी पॉझिटिव्ह आधी धरली. तरी त्याच लोडवर, त्याच आरपीएमवर, अल्टरनेटरच्या धातूच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपर्यंत मोजा. ०.२ च्या वर नको. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याची अर्थ एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीवर अवलंबून असते, जी गिअरबॉक्स किंवा इंजिनापासून बॉडीला जाते. ती सडली की करंट परतीसाठी दुसरी वाट शोधतो: क्लचची केबल, अॅक्सिलरेटरची केबल, गिअरबॉक्सची बेअरिंगं. सेल्फ मारताना क्लच केबल गरम होत असेल किंवा तिची प्लास्टिकची नळी वितळली असेल, तर पट्टी बदलायलाच हवी. ती स्वस्तातली वस्तू आहे. शंका असली तरी बदलून टाका.

दुरुस्ती अर्धवट करू नका. वायर लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापा. लांबी कमी पडत असेल तर मधे जोड देऊ नका, पूर्ण वायर नवी टाका, जमलं तर आधीपेक्षा एक माप जाड. लग योग्य क्रिम्पिंग टूलने दाबा, वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवा. बॉडीवर जिथे अर्थ बसते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने कोऱ्या पत्र्यापर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, नट आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. काम झाल्यावर तेच मोजमाप पुन्हा करा. आधी १.२ आणि आता ०.१ असा आकडा प्रत्यक्ष दिसल्याशिवाय दोष गेला असं मानू नका.

आता मागची बॅटरी. तिची तक्रार बहुधा याच दोषातून आलीय, पण तिचे स्वतःचे आणखी दोन-तीन घोटाळे असू शकतात. दोन बॅटऱ्यांच्या मधे काय आहे ते आधी शोधा. जुन्या व्हॅनमध्ये साधारण तीन प्रकार सापडतात. डी+ वरून चालणारा साधा रिले (विजेने चालणारा स्विच): अल्टरनेटर जागा झाला की दोन्ही बॅटऱ्या जोडतो. व्होल्टेज बघून चालणारा रिले: पुढची बॅटरी साधारण १३.३ वर गेली की जोडतो, १२.८ च्या आसपास आली की सोडतो. आणि डायोडचा विभाजक, ज्यात अॅल्युमिनियमच्या पंखांचा ठोकळा असतो. साध्या डायोडच्या ठोकळ्यात ०.७ व्होल्ट जन्मतःच हरवतात.

पुढच्या बॅटरीकडच्या दोषाचा याच्याशी असा संबंध आहे. पुढच्या बॅटरीला १३ च मिळत असतील तर व्होल्टेज बघणारा रिले कधी लागतच नाही, किंवा लागतो-सुटतो करत टकटक वाजत राहतो. मागच्या बॅटरीला दिवसभरात काहीच मिळत नाही. डी+ वाला रिले असेल तर तो लागेल, पण १३ मधून मागच्या लांब वायरीचे ०.४-०.५ वजा जाऊन मागे साडेबाराच्या आसपास उरतात. तेवढ्यात शिशाची बॅटरी भरत नाही. तिला नीट भरायला १४.२ ते १४.४ हवेत, तेही काही तास. म्हणून पुढचा दोष काढून मगच मागचं मोजा. नाहीतर बिचारा रिले विनाकारण बदलला जातो.

मागचं मोजायची रीत तीच. मागची बॅटरी थोडी उतरलेली ठेवा, मागचे दिवे, पंप वगैरे लावा, इंजिन चालू ठेवा आणि पुढच्या पॉझिटिव्हपासून मागच्या पॉझिटिव्हपर्यंत किती व्होल्ट हरवतात ते बघा. मग रिलेच्या ३० आणि ८७ या दोन जाड टोकांमध्ये. चांगल्या रिलेत इथे ०.१ च्या आतच असतं. जास्त असेल तर आतले संपर्क जळून खडबडीत झालेत. रिले टक् करून वाजतो म्हणजे तो चांगला आहे, असं नाही. आवाज कॉइलचा असतो, करंट संपर्कांतून जातो. कॉइलच्या दोन टोकांपैकी ८६ वर १२ व्होल्ट येतात का आणि ८५ ची अर्थ नीट आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

वायरीची जाडी हा जुन्या कॅम्परचा जन्मजात दोष असतो. पाच मीटर लांब, ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून ३० अँपियर गेले तर एका बाजूलाच साधारण ०.४४ व्होल्ट जातात. तीच वायर १६ चौरस मिलिमीटरची केली तर ०.१६. परतीची वाट बॉडीतून नसून वायरीतून असेल तर हे आकडे दुप्पट धरा. ही वायर बदलली की मागची बॅटरी एकदम तरुण झाल्यासारखी वागते, हे मी खात्रीने सांगतो. या वायरीवर दोन्ही टोकांना, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, फ्यूज हवाच. दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणजे मधे कुठेही वायर बॉडीला घासली तर दोन्हीकडून आग लागण्याएवढा करंट येतो. एकाच टोकाला फ्यूज असलेल्या आणि फ्यूजच नसलेल्याही व्हॅन सर्रास सापडतात. इथे मात्र "नंतर बघू" म्हणू नका, ज्या गाडीत माणसं झोपतात ती गाडी आहे ही.

फ्रिजकडेही बघा. गॅस, घरची वीज आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारे फ्रिज १२ व्होल्टवर सतत ८ ते १४ अँपियर खातात. म्हणून त्यांचा रिले फक्त इंजिन चालू असताना लागेल असा जोडलेला असतो. तो रिले चिकटून बसला किंवा कुणी मधे थेट वायर टाकली, की गाडी उभी असताना तो फ्रिज एका रात्रीत चांगली बॅटरी रिकामी करतो. इंजिन बंद करा, फ्रिज १२ व्होल्टवर ठेवा आणि त्याच्या वायरीवर व्होल्टेज आहे का ते बघा. असायला नको.

दिव्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, तुमच्या गाडीत आज नसली तरी पुढे उपयोगी पडेल. तो दिवा अल्टरनेटरला जागंही करतो. इंजिन सुरू होताना दिव्यातून जाणारा थोडासा करंट, २-३ वॅटच्या बल्बमधून सुमारे ०.२ अँपियर, अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीत पहिलं चुंबकत्व निर्माण करतो. बल्ब उडाला तर गाडी सुरू होते, दिवा लागत नाही, सगळं छान वाटतं आणि चार्जिंग शून्य. इंजिन जोरात रेस केलं की कधीकधी उरलेल्या चुंबकत्वावर ते सुरू होतं, म्हणून दोष कधी आहे, कधी नाही असा वाटतो. हौसेने डॅशबोर्डचे सगळे बल्ब एलईडी केलेल्या व्हॅनमध्ये हेच होतं, कारण एलईडीतून तेवढा करंट जातच नाही. चार्जिंगच्या दिव्याला जुना काचेचा बल्बच ठेवा. किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू व्हायच्या आधी हा दिवा लख्ख लागलाच पाहिजे. डी+ वर एकाहून जास्त रिले लटकवले असतील तर तेही हा थोडासा करंट आपल्याकडे ओढतात आणि अल्टरनेटर उशिरा जागा होतो.

हे सगळं बरोबर निघालं तरच अल्टरनेटरवर या. लोडखाली थेट बी+ बोल्ट आणि अल्टरनेटरचं अंग यांच्यामध्ये १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. कमी असेल तर कार्बन ब्रश बघा. पुष्कळ अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर दोन स्क्रूंवर बाहेर येतो आणि ब्रश त्यालाच असतात. ते ५ मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर डोकावत असतील तर बदला. मग मीटर एसी व्होल्टवर लावून चालू इंजिनावर बॅटरीवर मोजा. ०.१ च्या आत असेल तर डायोड ठीक. अर्ध्या व्होल्टाच्या वर गेलं तर एखादा डायोड गेलाय. त्याची आणखी एक खूण म्हणजे रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागतो, कारण बॅटरीचा करंट खराब डायोडमधून उलटा वाहत असतो.

तुमची व्हॅन डिझेल आणि अल्टरनेटरवाली आहे, म्हणून अल्टरनेटरच्या आधी वापरात असलेल्या डायनमोबद्दल फक्त दोन वाक्यं. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या फोक्सवॅगन व्हॅन ६ व्होल्टच्या आणि डायनमोवर चालणाऱ्या होत्या, तिथे वरचे आकडे लागू होत नाहीत. डायनमो आयडलिंगवर जवळपास काही देत नाही, त्यामुळे उभ्या गाडीत इंजिन संथ चालू असताना दिवा लुकलुकणं तिथे दोष मानत नाहीत.

बॅटरी फक्त उभ्या गाडीतच उतरत असेल तर गळती मोजा. सगळं बंद, दारं बंद, निगेटिव्ह काढून मीटर अँपियरवर मधे जोडा. पुढच्या बॅटरीवर २० ते ५० मिलिअँपियर चालतील. ५० सुद्धा महिन्याला ३६ अँपियर-तास होतात, म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला मी तोही जास्तच म्हणेन. मागच्या बाजूला इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी काही जातींचे अर्धा ते एक अँपियर खातात. आकडा मोठा दिसला तर एकेक फ्यूज काढत जा; ज्या फ्यूजवर आकडा पडतो, त्याच्या मागे गळती. मीटर मधे असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

मागे लिथियम बॅटरी टाकायचा विचार असेल तर साध्या रिलेवर ती जोडू नका. ती आतून इतका कमी विरोध करते की अल्टरनेटरमधून मिळेल तेवढा सगळा करंट खेचते. आयडलिंगवर, जेव्हा अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरत असतो, तेव्हा तो भाजून निघतो. तिला मधे करंटवर मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर लागतो, आणि शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती चार्ज करायची नाही.

तर आज संध्याकाळी एवढंच करा: हेडलाइट आणि ब्लोअर लावून, २००० आरपीएमवर, बी+ बोल्ट ते बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी, मग अल्टरनेटरचं अंग ते निगेटिव्ह खुंटी, आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या खुंट्यांवरचं व्होल्टेज. हे चार आकडे कळवा, आणि बी+ ची वायर कुठे जाते, थेट बॅटरीला की स्टार्टरला, तेही बघून ठेवा. पहिला आकडा एकाच्या वर आला तर उत्तराची वाटही बघू नका, स्टार्टरवरच्या जोडाची रबरी टोपी मागे सरकवा.